पट्टीवरचा थेंब

नागसेननं बहिणीचं सुई टोचलेलं बोट दाबलं आणि वर आलेला रक्ताचा थेंब पट्टीच्या टोकाला लावला. पट्टी त्याच्या हातातल्या छोट्या यंत्रात खोचलेली होती. तो पुण्याच्या लष्करी इस्पितळात नर्सिंगचं काम करायचा. आईला साखरेचा आजार, म्हणून रजेवर येताना तिथल्या डॉक्टरसाहेबांनी ते यंत्र दिलं होतं.

प्रियदर्शनी भिंतीला टेकून बसली होती. पहाटेपासून उलट्या चालल्या होत्या. नव्या साडीत अंग हरवल्यासारखं दिसत होतं. श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता.

"कळशीभर पाणी प्याली सकाळपास्नं," आई राहीबाई म्हणाली. "भ्याली हाय पोरगी. साखरपुडा म्हटल्यावर व्हतं असं."

"पट्टीतनं बारीक करंट जातो," नागसेन यंत्रावरची नजर न काढता म्हणाला. "रक्तात साखर जेवढी, तेवढा करंट. त्यावरनं आकडा येतो."

आकडा आला नाही. काचेवर नुसती ‘HI’ ही दोन इंग्रजी अक्षरं उमटली.

"काय म्हणतंय?"

"हाय."

"काय हाय?"

"साखर, आई. यंत्राला मोजता येत न्हाई एवढी."

"मग? मलाबी हाय की. मी हिंडतीया न्हवं?"

"तुझी येगळी. हिला आत्ताच्या आत्ता साताऱ्याला न्यायला पायजे. शुद्ध गेली तर मग हाताला लागायची न्हाई."

"आरं, पावणं उंब्रजवरनं निघाल्यात. साखर हाय म्हटल्यावर कोण करून घेईल हिला?" राहीबाईचा आवाज खाली आला. "पेढा तेवढा तोंडाला लागू दे. मग ने."

नागसेननं बहिणीला हाक मारली. तिनं डोळे उघडले, पण ओळख दिली नाही. राहीबाईनं ते पाहिलं.

बाहेर जीप थांबली. मुलाची आई आक्काताई पुढं उतरल्या, मागून पेढ्यांची ताटं घेतलेल्या बायका. नागसेन दाराकडे वळला, तसं राहीबाईनं त्याला हातानं मागं सारलं. पदर सावरत ती स्वतः अंगणात गेली.

"इनबाई, ताटं खाली ठेवू नका," ती म्हणाली. "माझ्या लेकीला साखर हाय. लय हाय. तुमची जीप द्या, साताऱ्याला न्यायला."

एका बाईनं हातातलं ताट पदराआड घेतलं. आक्काताईंनी दारातून आत पाहिलं, मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "गाडी बंद करू नगंस."

प्रियदर्शनीला मागच्या बाकावर आडवं केलं. तिचं डोकं मांडीवर घ्यायला आक्काताई आधीच चढून बसल्या होत्या. राहीबाई पायांशी बसली.

"आन सोयरीक?" गाडी सुटल्यावर तिनं विचारलं.

"आदी पोरगी जगू दे, बाई."

"सलाईन लावायला हात मोकळा लागंल," नागसेन पुढून म्हणाला.

प्रियदर्शनीच्या मनगटात कालच भरलेल्या बांगड्या घट्ट बसल्या होत्या. रस्ता खड्ड्यांचा होता. आक्काताईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बांगडी, फुटू न देता, उतरवायला लागल्या.