केस कापायला गेलेत

"तुझे बाबा कुठे गेलेत गं?"

मुलगी आईच्या पलंगाशेजारी बसून मटार सोलत होती. मान वर न करता तिने नेहमीचं उत्तर दिलं, "केस कापायला गेलेत. येतील एवढ्यात."

"कालही तू हेच सांगितलंस," आई म्हणाली.

मुलीच्या हातातली शेंग तशीच राहिली. आईला काल आठवत होता. कित्येक महिने आईच्या डोक्यात काल म्हणून काही उरलंच नव्हतं. तो परत यावा म्हणून मुलीने देव पाण्यात घातले होते. आता तो आला, आणि तिला त्याचीच भीती वाटली.

आई टेलिफोन एक्सचेंजमधली. अख्ख्या गावाचे नंबर एके काळी तिच्या जिभेवर असायचे. बाबा बसचे ड्रायव्हर. दोघं निवृत्त झाली आणि आईला लघवीची घाई सुरू झाली. कळ आली की संडासाच्या दाराशी पोचेपर्यंत धरवेना. लाजेपायी तिने बाहेर पडणंच सोडलं. कोणापाशी बोलली नाही, पण बाबांपासून काय लपणार? कुठल्या रस्त्याला स्वच्छतागृह आहे, कुठल्याची कडी मोडलेली आहे, हे त्यांना नोकरीमुळे तोंडपाठ. त्यांनी फिरायचे रस्ते तसेच आखले. "हा तुझा खास रूट. दर स्टॉपला सोय आहे," ते म्हणायचे. आई पदराआड हसायची.

मग डॉक्टरांनी गोळी दिली आणि गुण आला. दोघं नाटकाला जाऊन आली. आई मध्यंतरालासुद्धा उठली नाही, याचंच बाबांना नाटकापेक्षा जास्त कौतुक. ते भेटेल त्याला नाटकाचं सांगायचे, आणि खरं कारण मात्र गिळून टाकायचे.

पुढे आईचं तोंड कोरडं पडायला लागलं. घास गिळायला पाणी लागायचं. पोट साफ होईना. तोंड फार सुकलं किंवा काही वेगळं वाटलं तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "वय झालं, आता असं चालायचंच," असं म्हणून बाबांनी ते मनावर घेतलं नाही. तिची झोप उडाली तेव्हा ते कोणाला न विचारता दुकानातून झोपेची एक साधी गोळी घेऊन आले. दोन्ही गोळ्या ते स्वतःच्या हाताने, पाण्याचा पेला पुढे धरून तिला द्यायचे.

आणि आई हरवत गेली. गॅस पेटवून विसरायची. मुलीला "कोणता नंबर हवाय?" म्हणून विचारायची. म्हातारचळ लागला, असं सगळ्यांनी धरून चाललं. बाबा तर तिच्या चुका झाकण्यातच पटाईत झाले.

बाबा गेले ते भर दुपारी, बसल्या खुर्चीत. मुलगी धावत पोचली तेव्हा आई त्यांना वर्तमानपत्राने वारा घालत होती. "हळू बोल," ती म्हणाली, "ड्यूटीवरून दमून आलेत."

मुलीने तिला जवळ घेतलं आणि बाबा गेल्याचं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "निरोप पोचवते."

ते पुन्हा सांगायचा धीर मुलीला झाला नाही. आईला तिने गोळ्यांसकट आपल्या घरी आणलं. आई त्यांच्याबद्दल विचारी, आणि बाबा रोज केस कापायला जात.

मग एके दिवशी आईची लघवीच तुंबली. पोट फुगलं. नव्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून तिला मोकळं केलं आणि म्हणाल्या, "घरात आहेत तेवढ्या गोळ्या पिशवीत घालून आणा." मुलीने पिशवी टेबलावर रिकामी केली. बाईंनी त्यातल्या दोन पट्ट्या बाजूला ओढल्या.

"ही लघवीची गोळी काही वाईट नाही. पुष्कळांना तिने बरं वाटतं. पण या वयात ती कधी कधी डोक्यावर परिणाम करते. त्यात ही झोपेची तिच्याच जातीची. दोघींनी मिळून लघवीही अडवली आणि आईंना असं विसराळूही केलं असावं. दोन्ही बंद करू. घाईसाठी दुसरा उपाय देते. मला विचारल्याशिवाय मात्र काही घेऊ नका."

"म्हणजे आई बरी होईल?"

"बऱ्याच अंशी. थोडा वेळ द्या."

घरी परतताना मुलीला बाबांचा तो पुढे धरलेला पेला दिसत राहिला. ते हे ऐकायला उरले नाहीत याचं तिला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

आणि आज, गोळ्या बंद होऊन काही आठवडे झाल्यावर, आई तिच्याकडे बघत होती. नजर स्वच्छ होती. तिला फसवणं आता शक्य नव्हतं.

"गेले ना ते?" आईने विचारलं.

मुलीने मान डोलावली.

"मला सांगितलं होतंस?"

"हो."

"मी रडले का?"

"नाही."

आईने खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "आणि तू?"

बाबा गेले त्या दिवसापासून आईला सांभाळण्यातच मुलीचा वेळ गेला होता. आणि रोज बाबांना केस कापायला पाठवायचं, तर त्यांच्यासाठी रडायचं कधी?

आईने सरकून पलंगावर जागा केली.

"ठेव ते मटार," ती म्हणाली. "ये इथे. आपल्या दोघींपुरते ते आज गेले, असं धरू."