तारा, आशा, भरती

लिहिलेला कोड तपासणारा कम्पायलर पुन्हा अडून बसला. एका नावाचं उत्तर दिलेलं नाही, एवढंच त्याचं पालुपद.

शिवांगीनं कपाळाला हात लावला. लातुरातल्या संगमेश सरांच्या क्लासचं जुनं ॲप ती नव्यानं लिहीत होती. पोरं ॲपवरून शंका पाठवायची. कुणाची शंका कोणत्या शिक्षकाकडं जायची, ते जावा भाषेतल्या कोडमधला एक स्विच ठरवायचा; त्यात प्रत्येक गटासाठी एक ओळ, तिला म्हणायचं केस. पोरांचे गट एनममध्ये बांधलेले, म्हणजे नावं ठरलेली, त्याबाहेरचं एकही चालत नाही. तारा, आशा आणि भरती. ताराची केस कोट्याहून आणलेल्या सरांकडं. आशाची इथल्याच एका मॅडमकडं. भरतीची केसच नाही!

जुना स्विच म्हणजे गोगलगाय आणि पोटात पाय. एखाद्या नावाची केस लिहिलीच नाही तरी हूं की चूं करत नाही, गुपचूप पुढं जातो. नव्या पद्धतीचा तसा नाही. प्रत्येक नावाचा निकाल लावल्याशिवाय तो हलत नाही. म्हणून तर आज घोडं अडलं. भरतीतल्या पोरांच्या शंका आजवर कुठंच जात नव्हत्या. पडद्यावर मात्र दर वेळी यायचं, 'सरांपर्यंत पोहोचलं.'

आधीचा प्रोग्रामर विसरला असेल, असं म्हणत तिनं आपल्या धाकट्या भावाचं नाव टाकून पाहिलं. हरिओम. गट, भरती.

पोरगं कधीचं रडकुंडीला येऊन सांगत होतं, "ताई, सर माझ्या शंकेला उत्तरच देईनात." आणि हिनं त्यालाच झापलं होतं. सर देवमाणूस हायेत, तुझ्या प्रश्नातच दम नसंल! आई-बाबांशी भांडून जळकोटहून त्याला या क्लासला आणणारीही तीच. आता मेडिकलची परीक्षा तोंडावर आलेली. त्याचं वर्ष गेलं तर आईला तोंड कसं दाखवायचं?

तिचं स्वतःचं मेडिकल याच क्लासमधून थोडक्यात हुकलं होतं. पण तिनं सरांना कधी बोल लावला नाही. सरांनी जीव ओतला, मीच कमी पडले, असंच ती विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना मैत्रिणींना सांगायची. पुढं सरांनीच बोलावून नोकरी दिली, तेव्हा तर ती त्यांच्या पाया पडली होती.

लॅपटॉप उचलून ती तडक केबिनमध्ये शिरली. सर चहा घेत होते.

"सर, भरतीची केस राहून गेलीय. तिथं कुणाचं नाव टाकू?"

"राहिली न्हाई ती. ठेवलीच न्हाई." सरांनी चहाचा घोट घेतला. "बाकं भरायला पोरं लागत्यात गं. बोर्डावर फोटो लागतो तो ताराच्या पोरांचा. समद्यांना पुरंल इतके मास्तर कुठून आणू मी? तिथं रिकामं सोड."

शिवांगीनं लॅपटॉप टेबलावर ठेवला. हाच का तो माणूस? याच्यासाठी सख्ख्या भावाला खोटं पाडलं आपण?

"रिकामं सोडता येत न्हाई सर," ती कशीबशी म्हणाली. "अन् आमचा हरिओम त्यात हाय."

सर चपापतील, निदान नजर तरी चुकवतील, असं तिला वाटलं. छे! त्यांनी कप खाली ठेवला आणि त्यांचा चेहरा खरोखर मायेनं भरून आला.

"अगं, मग आधी सांगायचं न्हाई का पोरी? आत्ताच्या आत्ता तारामध्ये टाक त्याला. तुझ्या येळी तुझं सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तू भरतीत राहिलीस. हरिओमला तू हाईस की!"