चढावरची झोळी

"थांबा! थांबा म्हणते ना!" हर्षाली ओरडली आणि ऐन चढावर झोळी थांबली.

बांबूला बांधलेल्या चादरीत लहानी होती. कालपासून जुलाब, उलट्या. पोटात पाण्याचा घोट टिकत नव्हता. पुढून लहानीच्या दिराने, म्हादूने खांदा दिला होता, मागून नवरा चांगोने, आणि बाजूने सासू हौशी चालत होती. खिंड ओलांडली की पलीकडे डांबरी रस्ता, तिथे ॲम्ब्युलन्स उभी. तिथवर लहानीला जिवंत पोचवायचं, एवढंच काम होतं.

हर्षाली नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची. शहापूरच्या कॉलेजातून पंधरा दिवसांसाठी मुरबाडकडच्या या पाड्यावर आलेली. रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला झोपवायचं कसं, यावर तिला संशोधन करायचं होतं. आराखडा दोनदा परत आला होता. 'हे सगळं पुस्तकात आहेच. यात तुझं काय?' असं मॅडमनी लाल पेनने लिहून दिलं होतं. तेव्हापासून पोरगी नुसती धुमसत होती, आणि समोर येईल त्याचा बीपी मोजत सुटली होती.

तिने लहानीच्या दंडाला पट्टा गुंडाळला. घरातून निघताना वरचा आकडा ब्याऐंशी होता. आता अडुसष्ट. लहानीचे डोळे मिटत चालले होते.

आणि मग तिला दिसलं. अगं बाई, हे आधी कसं सुचलं नाही! चढावर लहानीचं डोकं वर होतं, पाय खाली. अंगात होतं नव्हतं ते रक्त पायांकडे उतरत होतं.

"झोळी फिरवा. पाय वरच्या बाजूला घ्या. डोक्याकडे रक्त जाऊ द्या जरा!"

म्हादू जागचा हलला नाही. "पाय म्होरं?"

"हो, लवकर!"

"नाय ताई. पाय म्होरं करून मढं नेत्यात. जित्या माणसाचं डोकंच म्होरं."

चांगो खाली मान घालून उभा. हर्षालीला रडूच यायला लागलं. तीन वर्षं पाठ केलेलं सगळं या एका वाक्यापुढे आडवं झालं होतं.

"दादा, असंच नेलं ना, तर खरंच..."

हौशीने सुनेच्या गालाला हात लावला. गाल गार होता. तिने वर खिंडीकडे बघितलं, मग दोघा पोरांकडे, आणि एकदम खेकसली, "आरं, माज्याकडं बघता काय? तोंडं फिरवा तुमची!"

"म्हंजे?"

"झोळी घेऊन गर्रकन फिरा. तोंडं खाली पाड्याकडं करा, नि उलटं चढा. तुमचं तोंड जिकडं, म्होरलं तिकडंच ना? मंग डोकं म्होरंच र्‍हायलं का नाय?"

त्या तसल्या घाईतही म्हादूला हसू फुटलं. "आये, तुज्यापुडं कोन बोलंल!"

झोळी फिरली. आता चांगो वरच्या बाजूला, म्हादू खाली, दोघांची तोंडं पाड्याकडे आणि दोघं पाठमोरे चढताहेत. हर्षालीने वर पळत जाऊन मागून चांगोची कंबर धरली. "डावा पाय... दगड आहे, दगड! हां, आता उजवा." खाली हौशी म्हादूला आधार देत होती आणि अधूनमधून शिव्याही. हर्षालीची एक चप्पल निसटून गडगडत गेली. गेली तर गेली!

खिंडीत पोचल्या पोचल्या तिने पुन्हा पट्टा गुंडाळला, कानांत नळ्या घातल्या. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"चौऱ्याऐंशी!" ती उडालीच. "आजी, चौऱ्याऐंशी!"

हौशीला त्या आकड्यातलं काही कळलं नाही, पण पोरीचं तोंड बघून सगळं कळलं. तेवढ्यात लहानीने डोळे उघडले. "आये, पानी..."

पुढे उतार. झोळी पुन्हा फिरवली, म्हादू सरळ चालायला लागला. रीतीप्रमाणे डोकं पुढे, आणि उतारामुळे पाय आपसूक वर! कुणाला काही सांगायची गरजच नव्हती. हर्षाली एकाच चपलेत झोळीबरोबर धावत होती आणि तिच्या डोक्यात नुसता गलका चालला होता. चढावर काय होतं? उतारावर काय होतं? किती पावलांवर मोजायचं? पुस्तकातली खाट सपाट जमिनीवर असते. इथली खाट डोंगर चढते, उतरते. हे कुठल्या पुस्तकात होतं? कुठल्याच नाही!

ॲम्ब्युलन्समध्ये सलाईन लागलं. खरा उपाय तोच, पाय वर करून नुसता थोडा वेळ मिळाला होता, हे तिला ठाऊक होतं. पण तो वेळ मिळाला होता! पाव तासाने आकडा शहाण्णववर गेला. चांगो रस्त्याच्या कडेला मटकन बसला आणि पंच्याने तोंड पुसत राहिला.

हर्षालीने हौशीला मिठीच मारली. "आजी, सापडला! माझा विषय सापडला! आता अशा तीस झोळ्या मोजायला मिळाल्या ना, की झालंच माझं काम!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

हौशी रागावली नाही. लुगडं सावरत ती ॲम्ब्युलन्समध्ये चढली आणि सुनेच्या उशाशी बसली.

"तीस ना?" ती म्हणाली. "मिळतील गो. रस्ता होईस्तवर तुला काय कमी पडायचं नाय."