धाक

"कडी लाव," नवरा म्हणाला.

सुनेने कडी लावली. ती हातातून दोनदा निसटली. लग्नाला चार वर्षं झाली होती. तो चिडायचा, आदळआपट करायचा, पण त्याचा आवाज इतका खाली कधी आला नव्हता. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं.

कारण एवढंसंच. शिलाईच्या कारखान्यात ती परवा सुपरवायझर झाली. चौदा माणसं तिच्या हाताखाली आली. बातमी आज नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पोचली आणि सगळ्यांनी मिळून त्याची फिरकी घेतली. "मग, घरी कपबशा कोण विसळतं आता?" तो हसण्यावारी न्यायला गेला आणि आणखीच हसू झालं.

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई ताटात लसूण सोलत बसल्या होत्या.

"मी कधीची सांगतेय," त्या मान वर न करता लेकाला म्हणाल्या. "बायकोला धाक हवा. तुझे वडील होते तोवर या घरात वर तोंड करून बोलायची कुणाची छाती नव्हती. म्हणून संसार टिकला."

"उद्या राजीनामा द्यायचा," नवरा म्हणाला.

 हो म्हणून मोकळं व्हावं, असं सुनेच्या मनात आलं. तोंडातून भलतंच निघालं.

"नाही देणार."

तो दोन पावलं पुढे आला. हात वर गेला. तिने डोळे गच्च मिटून घेतले.

फटका आलाच नाही. ताट खणखणत पडल्याचा आवाज आला.

तिने डोळे उघडले. हात अजून हवेतच होता, पण नवरा भलतीकडेच बघत होता. सासूबाई चौकटीला चिकटून अंगाचं मुटकुळं करून बसल्या होत्या. दोन्ही हात डोक्यावर. लसूण सगळीकडे सांडलेला.

"आई?" त्याचा हात आपोआप खाली आला. "आई, मी तुला कशाला मारीन?"

सून धावली. सासूबाईंना तिने जवळ ओढलं, तर त्या लटलट कापत होत्या. सासऱ्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. डोकं वर न काढता त्या पुटपुटल्या, "पोरगं जागं आहे हो. त्याच्यासमोर नको."