गॅरंटीचा शेवटचा दिवस

कापसाचा नाद सोडून श्यामनं परतवाड्यात गेम पार्लर टाकलं, त्याला तीन वर्षं होत आली होती. नवे गेम त्याच्या कॉम्प्युटरांवर अडखळायला लागले, तशी पोरं समोरच्या पार्लरात जाऊन बसली. ग्राफिक्स कार्डं खराब निघाली तर गॅरंटीत नवी मिळणार होती, आणि गॅरंटीचा आज शेवटचा दिवस होता. चारही कार्डं टॉवेलात गुंडाळून श्यामनं अकोल्याचं दुकान गाठलं.

दुकानदारानं प्रत्येक कार्डावर तीन वर्षांपूर्वीचाच गेम लावून पाहिला. तो पहिल्या दिवसासारखाच सुसाट पळाला.

"कार्डं ठणठणीत आहेत, भाऊ. नवे गेमच जड येऊन राहिले. त्याले कंपनी काय करन?"

"एखादं तरी खराब असन. अजून एकदा पाहा ना," श्याम हात जोडून म्हणाला.

पुन्हा पाहिलं, तरी तेच.

घरी माय दारातच उभी होती.

"काई खराबी निघाली काय रे?"

"एकातबी नाई."

मायनं डोळे मिटून हात जोडले.



"पावला रे बहिरमबाबा. तुया मशिनीले काई होऊ देऊ नको म्हणून नवस बोलली होती मी."