चुन्याचा तिसरा हात

"अजून एक हात मार. फिकट दिसतंय," हिंदुराव म्हणाला.

"ओला चुना फिकटच दिसतो, मालक. वाळला की पांढरा पडतो," चुना मारणारा रावजी म्हणाला. "आन माझं ऐका. ह्या भिंतीला पिवळी माती फिरवू. न्हायतर चुन्यात थोडा गेरू टाकू. पोरगी हितं बसायची हाय, तर..."

"माती फिरवाय ही काय गोठ्याची भिंत हाय? साहेबाच्या बंगल्यात बघून आलोय मी. दुधासारखी पायजे."

हिंदुराव गिरणीत जॉबर होता. हाताखाली दोनशे माणसं मान खाली घालून राबत, म्हणून आपल्याला सगळ्यातलं कळतं असं त्याला वाटायचं. सोलापुरात नवं घर, घराला बैठकीची खोली, खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी. केम गावचे पाहुणे दुपारच्या गाडीनं त्याच्या मुक्ताला बघायला यायचे होते. गाडीला दोन तास होते.

रावजी पुन्हा तोंड उघडणार तोच त्याच्या बहिणीनं, विजयमालानं, कुंचा बादलीत बुचकळून त्याच्या हातात दिला.

"मालक म्हणत्यात तसं कर, दादा. मार तिसरा हात."

हिंदुराव आत गेल्यावर रावजी हळूच म्हणाला, "पोरीचा काय गुन्हा, माले?"

"माझा काय व्हता?"

रावजीनं कुंचा चालवला.

भिंत वाळत गेली तशी डोळ्यांवर येऊ लागली. ऊन कललं, खिडकीतून तिरपं भिंतीवर पडलं. हिंदुरावनं स्वतः पाट मांडला, भिंतीला लागून, बरोबर मधोमध. मुक्ताला हाक मारली.

"बस बघू. कसं दिसतंय बघतो."

मुक्ता हिरवं लुगडं नेसून आली आणि बसली. हिंदुराव समोर, पाहुण्यांच्या सतरंजीवर जाऊन उभा राहिला. बघतच राहिला. पोर गव्हाळ होती. सकाळी आरशात बघताना गव्हाळ होती. आता त्या लखलखाटात नाक दिसेना, डोळे दिसेनात. पाटावर नुसता एक काळा आकार बसला होता.

"मुक्ते, तोंड धुतलंस का न्हाय?"

"दोनदा धुतलं की, आबा."

विजयमाला हसली. खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच.

"तिच्या तोंडाला काय झालं न्हाय. भिंत बघा की."

शिंतोडे उडू नयेत म्हणून जमिनीवर अंथरलेलं पोतं तिनं उचललं, उलटं केलं आणि मुक्ताच्या डोक्यामागं धरलं. मुक्ताचा चेहरा परत आला. गव्हाळ, नितळ. नथीचा मोतीसुद्धा चमकला. पोतं खाली घेतलं. चेहरा गेला. वर धरलं, आला. माकडवाला माकडाला खेळवतो तसं तिनं हिंदुरावला तीनदा खेळवलं.

"तुला हे आधी ठावं व्हतं?"

"चार वर्सं झाली ठावं हाय. माढ्याला आला व्हता की तुमी, तुमच्या थोरल्या ल्योकासाठी पोरगी बघाय. पाव्हनं येणार म्हणून दादानं घराला चुना दिला. तीन हात दिले. मायेनं. आन त्याच भिंतीला मला बसवली."

पोरगी बघायची म्हटली की आधी भिंतीला चुना. ही आपली रीत. पोरगी कशी दिसते हे भिंत ठरवते, आणि दोष मात्र पोरीच्या कातडीला.

रावजी बादलीत बघत उभा होता.

"अशा कैक पोरी बघितल्या," हिंदुराव म्हणाला. "कोण ध्यानात ठेवतंय?"

"आबा, तुमी काय म्हणला व्हता ह्या आक्काला?" मुक्तानं पाटावरूनच विचारलं.

"मला काय आठवत न्हाय."

"मला आठवतंय," विजयमाला म्हणाली. "'हिला रातीला हाका मारून हुडकाय लागंल.' सगळी हसली. तोंडात आमचे पोहे व्हते, तरी हसली. त्यो शब्द गावभर झाला. परत आमच्या दारात कोण आलं न्हाय."

बाहेर टांगा थांबला.

हिंदुरावची धांदल उडाली. "ऊठ मुक्ते! त्या कोपऱ्यात बस. ए बाय, दे ते पोतं हिकडं!"

विजयमालानं पोत्याची घडी घातली आणि काखेत मारली.

"मग गोधडी आणतो. चादर आणतो. ऊठ म्हणतो ना!"

मुक्ता उठली नाही. तिनं पाठ भिंतीला टेकवली.

"मी हितंच बसणार, आबा. पाव्हनं काय म्हणत्यात ते आज तुमी बी ऐका."

हिंदुरावनं तिचा दंड धरून ओढला. ती हलली नाही. मग तो भिंतीवर धावला. दोन्ही तळव्यांनी तिच्या डोक्यावरचा चुना घासू लागला, नखांनी खरवडू लागला. वरचा हात निघाला. खाली दुसरा होता. दुसरा निघाला. खाली पहिला होता, तेवढाच पांढरा.

"रामराम, जॉबरसाहेब."

पाहुणे उंबऱ्यात उभे होते. हिंदुराव वळला आणि हात जोडले. कोपरापर्यंत पांढरेफटक हात. नवऱ्या मुलाच्या आईनं आधी ते हात बघितले. मग नजर वर नेली, पांढऱ्या भिंतीपुढं काळ्या पडलेल्या त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि पटकन पदर ओठांना लावला.