बदामाची दुर्री

ब्रिजच्या स्पर्धेत बाबा आणि मी जोडीदार. पद्धत त्यांनीच बसवलेली: एकाने सर्वांत खालची बोली लावून नुसतं विचारायचं, दुसऱ्याने आपली पानं बोलीतूनच सांगायची. बाबांनी ‘एक चौकट’चं बोलीकार्ड ठेवलं. मी त्यावरची सर्वांत खालची बोली, ‘एक बदाम’, ठेवून विचारलं. बाबांचा चेहरा खुलला. माझ्याकडे खरंच बदाम आहेत असं समजून त्यांनी ‘चार बदाम’चं, म्हणजे बदाम हुकूम धरून दहा हात करण्याचं, कार्ड टाकलं. “म्हणजे काय?” शेजारच्या प्रतिस्पर्धी बाईंनी नियमाप्रमाणे मला विचारलं. “असं ठरलेलं नाही,” मी म्हणाले. खुणावायची सोय नव्हती. पुन्हा बोलीतून विचारलं असतं तर तेही बाबांनी खरं धरलं असतं. मी पास दिला. आता डाव मला खेळायचा होता, म्हणून बाबांनी नियमाप्रमाणे आपली पानं टेबलावर उघडी मांडली; त्यात राजा-राणीसकट चार बदाम. “पोरीने विचारायचं, बापाने सांगायचं,” ते बाईंना कौतुकाने म्हणाले. “आमची पद्धत.” मी मान डोलावली आणि हातातली एकुलती एक बदामाची दुर्री पानांमागे सरकवली.